दुसरे टोक

चालू असलेले काम मध्येच थांबवावे, जसेच्या तसे गुंडाळून ठेवावे आणि पुढे केव्हातरी जिथे सोडले होते तिथूनच पुन्हा हाती घ्यावे, ही माणसाची फार जुनी इच्छा आहे. पोथी वाचणारा संध्याकाळी पानांत मोरपीस ठेवून उठतो. विणकर अर्धे लुगडे मागावर तसेच ठेवून घरी जातो. दुसऱ्या दिवशी या दोघांचेही काही अडत नाही. कारण थांबलेले काम आणि त्याच्या भोवतीचे जग ही दोन्ही एकाच जागी राहिलेली असतात. खरी अडचण उद्भवते ती मागच उचलून दुसऱ्या गावी न्यावयाचा झाला म्हणजे. अर्धे लुगडे नेता येईल, उभे-आडवे सूत नेता येईल. परंतु उधारीवर सूत देणारा व्यापारी, रंग देणारा रंगारी आणि ज्या घरच्या लग्नासाठी ते लुगडे विणले जात होते ते घर, यांना कोण उचलून नेणार? आणि त्यांच्यावाचून ते काम ‘तेच’ काम राहते काय?

संगणकाच्या जगात हा प्रश्न आज अगदी रोकड्या स्वरूपात उभा आहे. चालू प्रोग्रॅम गोठवून त्याची संपूर्ण स्थिती साठवून ठेवणे यास तेथे ‘चेकपॉइंट’ म्हणतात, आणि साठवलेल्या स्थितीतून तो पुन्हा चालता करणे यास ‘रिस्टोअर’. माझा विषय तौलनिक साहित्य. या विद्येवर माझा अधिकार नाही. परंतु सध्या ज्या विद्यापीठात मी अभ्यागत म्हणून शिकवीत आहे, तेथे एका संशोधनाच्या निमित्ताने तिचा जवळून परिचय घडला. या शास्त्राने ‘बाहेरचे’ या साध्या शब्दाचा जो काटेकोर विचार केला आहे, तो आपण साहित्याच्या अभ्यासकांनीही ऐकून ठेवावा, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

प्रथम कंटेनर म्हणजे काय ते पाहू. मराठी वाचकाला वाड्यातील बिऱ्हाडाची कल्पना दिली की पुरे. एका वाड्यात पाच बिऱ्हाडे असावीत; प्रत्येकाची चूल निराळी, दार निराळे, आपल्या खोल्यांपुरते राज्यही निराळे. पण पाया एक, छप्पर एक, आणि मागील दारचा नळही एकच. संगणकाच्या मुख्य प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो या वाड्यासारखा असतो. कंटेनर हे त्यातील एक बिऱ्हाड. आत राहणाऱ्या प्रक्रियांना आपल्यापुरती फाइलींची निराळी मांडणी दिसते, आपल्यापुरते निराळे क्रमांक मिळतात, जाळ्याशी जोडणारी निराळी वाट मिळते. आत बसून पाहणाऱ्यास हे सगळे घर आपल्याच मालकीचे आहे असे वाटावे, इतकी ही व्यवस्था चोख असते. भिंती मात्र सामाईक आहेत, हे बिऱ्हाड हलविण्याची वेळ येईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

लिनक्स या प्रणालीवर असे बिऱ्हाड चालू स्थितीत हलविण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. गाभ्यातच ती सोय करावी म्हणून २०१० च्या सुमारास मोठी खटपट झाली. परंतु एवढी गुंतागुंत गाभ्यात नको, या विचाराने ती स्वीकारली गेली नाही. २०११ मध्ये ओपनव्हीझेड या प्रकल्पातील पावेल येमेल्यानोव्ह यांनी उलट वाट धरली. गाभ्यात अगदी थोडी भर घालावयाची आणि उरलेले सारे काम बाहेरून, सामान्य प्रोग्रॅमच्या पातळीवर करावयाचे. या साधनाचे नाव ‘क्रिऊ’. २०१३ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. पुढे डॉकर आणि पॉडमन यांसारख्या कंटेनर चालविणाऱ्या साधनांनी त्याचा आधार घेतला. २०२२ मध्ये कुबरनेटीसमध्येही चालत्या कंटेनरची तपासणीसाठी प्रत काढण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात आली.

क्रिऊची रीत मोठी चमत्कारिक आहे. ते प्रथम सर्व प्रक्रिया आहेत त्या क्षणी गोठविते. मग त्यांच्याविषयी गाभ्याकडे जी माहिती असते ती गोळा करते. पण काही गोष्टी प्रक्रियेने स्वतःच सांगितल्यावाचून कळत नाहीत. म्हणून तिच्या आत एक छोटासा परका संकेतखंड सोडण्यात येतो, आणि तो आतून स्मृतीतील पाने वाचून बाहेर पाठवतो. या खंडाला त्या मंडळींनी ‘पॅरासाइट’ असेच नाव दिले आहे. आपण बांडगूळ म्हणू. काम संपले की बांडगूळ काढून घेतात आणि फांदीवर खूणही राहत नाही. पुन्हा चालू करताना तर क्रिऊ आपल्याच पोटी नव्या प्रक्रिया जन्माला घालते, त्यांना जुनेच क्रमांक मिळवून देते, आणि त्या हळूहळू आपले मूळ रूप टाकून गोठविलेल्या प्रक्रियांचे रूप धारण करतात. स्मृती तीच, क्रमांक तोच, पुढची उच्चारावयाची आज्ञाही तीच. मधल्या काळात आपण नव्हतो, याचा त्या प्रक्रियेला पत्ताही नसतो.

येथवर सारे सुरळीत आहे. घोटाळा सर्वनामांपाशी सुरू होतो.

सर्वनाम हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. प्रोग्रॅमने एखादी फाइल उघडली म्हणजे गाभा त्याच्या हाती एक लहानसा अंक ठेवतो. शून्य, एक आणि दोन हे अंक बहुधा येणारे शब्द, जाणारे शब्द आणि तक्रारी यांसाठी असतात. पुढची फाइल उघडली की तिला तीन हा अंक मिळतो. त्यानंतर प्रोग्रॅम त्या फाइलचे नाव घेत नाही. ‘तीनमधून पुढची ओळ दे’, ‘तीन बंद कर’, एवढेच तो म्हणतो. आपण गोष्टीत एकदा राजाचे नाव सांगून पुढे ‘तो’ म्हणत राहतो, तसेच हे. आता हा ‘तीन’ म्हणजे कोण, याची नोंद प्रोग्रॅमच्या स्मृतीत नसते. ती गाभ्याच्या वहीत असते. म्हणून प्रोग्रॅमची सबंध स्मृती शब्दशः उतरवून घेतली, तरी हाती येते ते नामे गळालेले आणि सर्वनामे तेवढी उरलेले आख्यान. क्रिऊचे निम्मे श्रम या सर्वनामांची नामे शोधून लिहून ठेवण्यातच खर्च होतात.

ज्याचे नाम त्या बिऱ्हाडाच्या आतच सापडते, त्याची चिंता नाही. दोन प्रक्रिया आपसांत नळीने बोलत असतील आणि दोघीही एकाच कंटेनरात असतील, तर नळीची दोन्ही टोके आणि नळीत अडकलेले शब्दसुद्धा बरोबर नेता येतात. पण एखाद्या दोरीचे एक टोक आत आणि दुसरे बाहेर असेल तर काय करावयाचे? अशा वस्तूंना या शास्त्रात ‘एक्स्टर्नल रिसोर्स’, म्हणजे बाहेरची साधने, असे म्हणतात. यातील ‘बाहेर’ ही दूर-जवळची भाषा नव्हे, हे मला विशेष वाटले. वस्तू त्याच यंत्रात, त्याच तबकडीवर असूनही बाहेरची असू शकते. जिचे दुसरे टोक आपल्या ताब्यात नाही ती बाहेरची, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वस्तूंचे नमुने अनेक आहेत, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सर्वांत सरळ म्हणजे बाहेरून आत जोडलेली निर्देशिका. यजमान यंत्रावरची एखादी फाइल किंवा निर्देशिका कंटेनरातील एका जागी जोडून दिलेली असते. डॉकर तर यजमानांची नावे आणि नाव-पत्ता सांगणाऱ्या सेवेची माहिती ज्यांत असते त्या छोट्या फाइलीही अशाच जोडून देतो. ही निर्देशिका क्रिऊ उचलत नाही. साठवताना आपण तिला एक नाव द्यावयाचे, समजा ‘कोश’. पुन्हा चालू करताना सांगावयाचे की ‘कोश’ म्हणजे या नव्या यंत्रावरची अमुक निर्देशिका. मधल्या साठवणुकीत फक्त हा एक शब्द राहतो. साध्या उघड्या फाइलीचेही बरेचसे असेच आहे. मार्ग कोणता, वाचन कुठवर आले, उघडताना परवानगी कोणती होती, एवढे लिहिले जाते, मजकूर नव्हे. परतल्यावर त्या मार्गावर त्या नावाची फाइल असावी लागते, आणि तिचा आकार बदललेला आढळला तर क्रिऊ पुढे जाण्यास नकार देते.

दुसरा नमुना टर्मिनलचा, म्हणजे ज्या पडद्यावर प्रोग्रॅम बोलत होता त्याचा. तो पडदा उघडणारा कुणी वेगळाच असतो. पुन्हा चालू करताना जो माणूस आज्ञा देतो, त्याचाच पडदा प्रोग्रॅमला मिळतो. श्रोता बदलतो, वक्त्याला त्याची गंधवार्ता नसते.

तिसरा नमुना संवादाचा, आणि येथे भेद सूक्ष्म आहे. एकाच यंत्रावरील दोन प्रक्रियांमधला संवाद दोन प्रकारे चालतो. एक प्रकार पोस्टकार्डासारखा. प्रत्येक निरोप आपल्यापुरता पूर्ण. टाकला की झाले. बाहेरच्या नोंदवहीला निरोप पाठविणारे सॉकेट बहुधा या जातीचे असते. ते तोडून पुन्हा त्याच पत्त्याला जोडले तर कुणाचेच बिघडत नाही. दुसरा प्रकार दूरध्वनीवरच्या बोलण्यासारखा अखंड. तेथे दुसऱ्या टोकाला बसलेल्यानेही काही ऐकलेले, काही लक्षात ठेवलेले असते. ते आपल्या साठवणुकीत येत नाही. म्हणून पहिल्या प्रकाराला क्रिऊ सवलत देते, दुसऱ्याला देत नाही.

चौथा नमुना जाळ्यावरून दूरच्या यंत्राशी असलेल्या टीसीपी जोडणीचा. हा संवाद मोजून चालतो. किती अक्षरे पाठवली आणि किती पोचल्याची पावती आली, याचा हिशेब दोन्ही बाजू ठेवतात. २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत गाभ्याला एक नवी अवस्था शिकविण्यात आली, तिचे नाव ‘रिपेअर’, म्हणजे दुरुस्ती. या अवस्थेत जोडणीचा हिशेब वाचता येतो, पलीकडच्याचा निरोप न घेता ती गुपचूप मिटता येते, आणि नंतर ओळखपाळख पुन्हा न करता तोच हिशेब लिहून उघडता येते. मधल्या काळात वाटेवर पहारा बसवतात. कारण एरवी पलीकडून आलेल्या निरोपाला गाभा प्रामाणिकपणे ‘येथे असे कुणी नाही’ असे उत्तर देईल आणि जोडणी कायमची तुटेल. पहारा असला म्हणजे पलीकडच्याला केवळ शांतता जाणवते. त्याला काही सांगावयाचे असेल तर तो तेच पुन्हा सांगतो, मग आणखी थोडे थांबून पुन्हा सांगतो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत हा धीर साधारण पंधरा मिनिटे टिकतो. तेवढ्यात आपण त्याच पत्त्यावर परत उभे राहिलो, तर त्याला आपण गेलो होतो हे कळतही नाही. म्हणजे आपली सारी कारागिरी शेवटी दुसऱ्याच्या धीरावर अवलंबून असते.

या साधनाचा जो गुण मला सर्वाधिक मोलाचा वाटला, तो मात्र यांपैकी कोणत्याही युक्तीत नाही. तो नकारात आहे. दुसरे टोक बाहेर असलेली एखादी वस्तू आढळली, आणि तिच्याविषयी आपण काहीच सांगितलेले नसेल, तर क्रिऊ अंदाज बांधत नाही. ते काम थांबविते, कोणत्या दोरीपाशी अडले ते सांगते, आणि पुष्कळदा कोणता पर्याय द्यावा लागेल हेही सुचवते. उघडी टीसीपी जोडणी, बाहेरचे सॉकेट, धरून ठेवलेले फाइलीचे कुलूप, प्रत्येकासाठी निराळा पर्याय आहे. तो पर्याय लिहिणे हे वरवर पाहता एका शब्दाचे काम. वस्तुतः ती जबाबदारीची पावती असते. ‘हे बाहेरचे आहे हे मला ठाऊक आहे, पलीकडच्या टोकाची व्यवस्था मी पाहीन’, असे त्या शब्दाने आपण लिहून देतो.

ही पावती किती जड असू शकते, ते आमच्या प्रसंगाने दाखविले. माझी एक विद्यार्थिनी नलाख्यानाच्या तीन रूपांचा अभ्यास करीत आहे. श्रीहर्षाचे संस्कृत ‘नैषधीयचरित’, त्यावरून श्रीनाथाने तेलुगूत रचलेले ‘शृंगारनैषधमु’ आणि आपल्या रघुनाथपंडिताचे ‘नलदमयंतीस्वयंवराख्यान’. यांतील समांतर स्थळे शोधण्यासाठी संगणक विभागातील एका तरुण सहकाऱ्याने तिला एक प्रोग्रॅम रचून दिला. संस्कृत चरणाचा संधिविग्रह अनेक प्रकारे होतो, प्रत्येक विग्रहाची इतर दोन भाषांतील शब्दांशी तुलना करावयाची, आणि विभागाचे यंत्र सामान्य. त्यामुळे काम आठवडाभराहून अधिक चालणार होते. शब्दकोशांची निर्देशिका बाहेरून जोडलेली होती. सापडलेली स्थळे दुसऱ्या यंत्रावरील एका तक्त्यात लिहिली जात होती. एका शुक्रवारी सायंकाळी, सातव्या दिवशी, सहकाऱ्याने प्रोग्रॅम न थांबविता त्याचा चेकपॉइंट घेतला. पहिल्या वेळी क्रिऊने नकार दिला. तक्त्याकडे जाणारी जोडणी उघडी होती. मग ती तुटलेल्या स्थितीत परत मिळावी असा पर्याय त्याने निवडला, कारण जोडणी तुटली तर नव्याने जोडून घेण्याची समज प्रोग्रॅमला दिलेली होती. कोशांना नाव दिले. काम पार पडले आणि प्रोग्रॅम पुढे चालू राहिला.

शनिवारी रात्री वीज गेली, आणि ते यंत्र पुन्हा उठले नाही.

सोमवारी दुसऱ्या यंत्रावर शुक्रवारचा चेकपॉइंट पुन्हा चालू करण्याची तयारी झाली. विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर आठवडा वाचल्याचा आनंद होता. प्रबंधाची मुदत जवळ आली होती, आणि एक सबंध प्रकरण त्या तक्त्यातील संख्यांवर उभे राहावयाचे होते. सहकाऱ्याने मात्र कळीवर बोट ठेवण्यापूर्वी हात आखडता घेतला. “मॅडम, प्रोग्रॅम शुक्रवारात जागा होईल, पण तक्ता रविवारात आहे.”

त्याच्या या वाक्याचा अर्थ ध्यानात यावयास मला थोडा वेळ लागला. प्रोग्रॅमची स्मृती शुक्रवारच्या सायंकाळवर मागे नेता येत होती. पण शुक्रवारनंतर शनिवारी रात्रीपर्यंत त्याने जी स्थळे शोधून तक्त्यात लिहिली होती, ती तक्त्यात होतीच. तो दुसऱ्या यंत्रावर सुखरूप होता. जागा झालेला प्रोग्रॅम शनिवारचे काम पुन्हा करणार, आणि तीच स्थळे पुन्हा लिहिणार. प्रत्येक साम्य दोनदा मोजले जाणार. कुठेही त्रुटीचा संदेश येणार नव्हता. आतल्या दृष्टीने सारे शुद्धच होते. श्रीनाथ आणि रघुनाथपंडित काही स्थळी प्रत्यक्षाहून दुप्पट जवळचे दिसले असते, एवढेच.

या अडचणीला शास्त्रात जुने नाव आहे, ‘आउटपुट कमिट’. आपली स्थिती आपण मागे नेऊ शकतो. जगाला दिलेला शब्द मागे घेता येत नाही. त्यावरचे उपायही ठाऊक आहेत. एक म्हणजे चेकपॉइंट पक्का झाल्यावाचून कोणताही शब्द बाहेर पाठवावयाचा नाही. दुसरा, प्रत्येक शब्दाला क्रमांक द्यावयाचा, म्हणजे तोच पुन्हा आला तर घेणाऱ्याला ओळखता येईल. सुदैवाने आमच्या तक्त्यातील नोंदींना क्रमांक होते, आणि शेवटी लिहिलेला क्रमांक प्रोग्रॅमही लक्षात ठेवीत होता. त्या क्रमांकाच्या पुढच्या नोंदी बाजूला काढून ठेवल्या, आणि मग प्रोग्रॅमला जागे करावे असे ठरले.

तेव्हा विद्यार्थिनीनेच विचारले, “आणि कोश? या यंत्रावरचा कोश तोच आहे का?”

प्रश्न मर्मावरचा होता. ‘कोश’ या नावापुढे आम्ही जी निर्देशिका दाखवू ती क्रिऊ निमूटपणे मान्य करणार होते. नाव जुळले की त्याचे समाधान. आतील मजकूर जुना की सुधारलेला, हे पाहणे आमच्याकडे होते. दुपारभर दोघांनी फाइली ताडून पाहिल्या. तेलुगूच्या एका कोशाची प्रत नवी निघाली. तिच्या जागी जुनी आणून ठेवली, आणि सायंकाळी प्रोग्रॅम शुक्रवारी सोडलेल्या चरणापासून पुढे चालू लागला. बाजूला काढलेल्या नोंदी आणि त्याने नव्याने शोधलेल्या नोंदी दोन दिवसांनी शेजारी ठेवून पाहिल्या. त्या एकमेकींशी जुळल्या, तेव्हा कुठे मुलीने सुटकेचा श्वास सोडला.

श्रीहर्षाचे काव्य नल-दमयंतीच्या मीलनसुखापाशी थांबते. पुढील दुर्दैवाची कथा त्यात येत नाही. मला मात्र त्या दिवसांत वनपर्वातील उत्तरार्धच सारखा आठवत होता. कर्कोटकाने दंश करून नलाचे रूप पालटले. राजाचा बाहुक झाला. आतील सारे शाबूत होते, अश्वविद्या होती, पाककौशल्य होते, आठवण तर फारच होती. जाताना कर्कोटकाने वस्त्रांची एक जोडी दिली, ती पांघरलीस की मूळ रूप येईल म्हणून. परंतु महाभारतकाराने हे प्रकरण वस्त्रांवर मिटविले नाही. दमयंतीने ब्राह्मणांना देशोदेशी धाडून एकच निरोप सभासभांतून पुन्हा पुन्हा उच्चारावयास लावला, आणि त्याला अयोध्येतून उत्तर आले तेव्हा ते ओळखले. बाहुक कुंडिनपुरास आल्यावरही तिने घाई केली नाही. केशिनीकरवी पाहणी केली, त्याच्या हातचे अन्न चाखले, मुलांना त्याच्यापुढे पाठविले आणि त्याचे डोळे भरून आलेले पाहिले. नल आपल्या मनाने क्षणभरही नल असल्याचा राहिला नव्हता. तरीही तो पुन्हा नल झाला तो दुसऱ्या टोकाला कुणी धीर धरून बसले होते म्हणून, आणि त्या व्यक्तीने तपासून घेतले म्हणून. वस्त्रे त्यानंतरची.

आपण साहित्याचे अभ्यासक कृतीच्या अंतर्गत एकात्मतेविषयी पुष्कळ बोलतो. संहिता आपल्यापुरती पूर्ण असते, भाषांतरकाराने ती उचलून दुसऱ्या भाषेत उभी करावी, असे मानून चालणेही आपल्या अंगवळणी पडले आहे. पण संहितेतही सर्वनामे असतात, आणि त्यांतल्या कितीतरींची नामे संहितेबाहेर, वाचकाच्या अंगणात, त्याच्या सणावारांत आणि नात्यागोत्यांत असतात. चांगला भाषांतरकार ती वाहून नेत नाही. नेताच येत नाहीत. तो त्यांची नावे काढतो आणि नव्या भाषेत त्या नावापुढे काय ठेवावयाचे याचा विचार करतो. वाईट भाषांतरात बहुधा आतले चुकलेले नसते. तेथे नाव जुळलेले असते आणि कोश बदललेला असतो.

अभ्यागत प्राध्यापकाला हा विषय केवळ तात्त्विक राहत नाही. दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर प्रांतोप्रांती बिऱ्हाड हलविताना पुस्तके, भांडी, व्याख्यानांची टिपणे हे सगळे खोक्यांत मावते. खोक्यांत मावत नाही ते निराळेच असते. कोणत्या वाण्याकडे भाजणीचे पीठ मिळते, कोणत्या ग्रंथपालाला न विचारता कपाट उघडता येते, कोणत्या शेजारणीला नुसते ‘आज आले नाही का?’ म्हटले की पाण्याविषयी विचारले हे समजते. नव्या गावी या साऱ्या सर्वनामांना नवी नामे शोधावी लागतात. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत मी असे घडलेले पाहिले आहे. क्रियापदांची चालण, नात्यांची नावे आणि ओव्यांचा ठेका आतून शाबूत असतो. पण भाजीला, हवेला, कचेरीतल्या कागदाला शब्द तिथला लागलेला असतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला ते ऐकून मराठी बिघडली असे वाटते. मला वाटते, त्या लोकांनी आपली भाषा दुसऱ्या यंत्रावर नीट चालू केली, आणि जेथे दुसरे टोक नव्हते तेथे नवे बांधले. बिघाड झालाच असता तर तो, नसलेल्या टोकाशी बोलत राहिल्यामुळे झाला असता.

हे सारे सुटलेले प्रश्न आहेत असे मात्र नव्हे. चित्रगणनेसाठी बसविलेल्या स्वतंत्र चकत्यांच्या आत काय चालले आहे, हे क्रिऊला बाहेरून वाचता येत नसे. त्या त्या चकतीसाठी निराळे जोडसाधन रचावे लागले. एएमडीच्या चकत्यांसाठी ते २०२२ मध्ये आले, एनव्हिडियाच्या चकत्यांसाठी २०२४ मध्ये. आणि दोन्ही वेळी चकती बनविणाऱ्यांचे साह्य लागले. म्हणजे पलीकडच्या टोकाने स्वतः बोलावयास संमती दिली तेव्हाच वाट मिळाली. घड्याळाचेही तसेच. यंत्र सुरू झाल्यापासूनची वेळ मोजणारे घड्याळ कंटेनरापुरते निराळे दाखविण्याची सोय २०२० मध्ये गाभ्यात झाली. पण भिंतीवरच्या घड्याळात गेलेला शनिवार-रविवार कोणत्याही पर्यायाने परत येत नाही.

विद्यार्थिनीचा प्रबंध आता पुरा होत आला आहे. त्याच्या प्रास्ताविकात तिने स्वतःहून एक परिच्छेद घातला आहे. गणना कोणत्या दिवशी थांबली, कोणत्या स्थितीतून पुन्हा सुरू झाली, कोणत्या नोंदी बाजूला काढल्या, आणि ‘कोश’ म्हणून कोणत्या कोशांच्या कोणत्या आवृत्त्या पुढे ठेवल्या, हे त्यात नीट लिहिले आहे. परीक्षकांना तो परिच्छेद कदाचित अनावश्यक वाटेल. तो काढू नये, असे मी तिला सांगितले आहे.